राजधानी हलते तेव्हा

पुण्याहून साताऱ्यास जाणारा प्रवासी खंडाळा मागे टाकून खंबाटकीचा घाट ओलांडतो, आणि पुढे अजिंक्यतारा त्याच्या दृष्टीस पडतो. हा किल्ला मराठ्यांची राजधानी झाला तो संकटाच्या पोटी. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगडास मुघलांचा वेढा पडला आणि वर्ष संपण्यापूर्वी तो गडही गेला. राज्य मात्र गेले नाही. येसूबाईंच्या सल्ल्याने राजाराम महाराज आधीच गडाबाहेर पडून दूर दक्षिणेस जिंजीकडे निघाले होते. जिंजी शिवाजी महाराजांनी १६७७ मध्येच घेतली होती. दुसरी जागा संकटाच्या बारा वर्षे आधी सिद्ध होती. मागे राहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांस निर्णयाचे विस्तृत अधिकार देण्यात आले. १६९८ मध्ये जिंजीही पडली. पण महाराज तत्पूर्वीच तेथून निसटले होते, आणि गादी साताऱ्यास आली.

संगणकाच्या व्यवहारात याच गोष्टीस फेलओव्हर म्हणतात. एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या समूहास क्लस्टर हे नाव आहे. एका शहरातील क्लस्टर आगीने, पुराने वा वीज गेल्याने बंद पडला, तर दुसऱ्या शहरातील क्लस्टरने तेच काम पुढे चालवावे, अशी ही योजना. परंतु केवळ यंत्रे मांडून ठेवल्याने ती सिद्धीस जात नाही.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात याचा प्रत्यय आला. दूरसंचाराच्या जोडण्यांत बिघाड होऊन जोखीम तपासणारी यंत्रणा अनुपलब्ध झाली आणि सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले. ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. बाजाराचे पर्यायी ठाणे चेन्नईस होते. तरीही कारभार तिकडे हलविला गेला नाही. तो का हलविला नाही, याचा खुलासा सेबीने त्याच दिवशी मागविला.

असा निर्णय अवघड का, हे समजून घेतले पाहिजे. मुंबईतील प्रत्येक नोंदीची प्रत चेन्नईस पोहोचण्यास थोडा का होईना, वेळ लागतो. त्या क्षणात मूळ ठाणे कोसळले, तर मधले सौदे हरवतात. प्रत्येक सौद्यास दूरची पोच येईपर्यंत थांबावे, तर सारा बाजार मंदावतो. म्हणून मूळ ठाण्याच्या जवळच एक तिसरी जागा केवळ नोंदी जपण्यासाठी राखावी लागते.

दुसरे भय याहून मोठे. मूळ क्लस्टर मेलेला नसतो. फक्त त्याच्याशी संपर्क तुटलेला असतो. अशा वेळी दुसऱ्याने कारभार हाती घेतला, तर दोघेही स्वतःस धनी समजून निरनिराळ्या नोंदी करू लागतात. साताऱ्यास हे दुःख परिचित आहे. १७०७ मध्ये शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून परतले, तेव्हा ताराबाई आपल्या पुत्राच्या नावाने राज्य चालवीत होत्या. एका राज्याचे दोन धनी झाले. पुढे सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या उभ्या राहिल्या. तो तंटा १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटला, पण राज्य दुभंगले ते दुभंगलेच. यंत्रांच्या बाबतीत हे टाळण्यासाठी तिसऱ्या साक्षीदाराचे मत घेतात. बहुमत ज्याच्या बाजूस, तोच धनी. दुसऱ्याचा नोंदी करण्याचा अधिकार तत्काळ काढून घेतात, प्रसंगी त्याची वीजही तोडतात.

मार्च २०२१ मध्ये सेबीने मुदत घालून दिली: महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी, आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी ठाण्यावरून काम सुरू करावे. पुढे २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजार मुद्दाम उघडण्यात आला. पहिले सत्र मूळ ठाण्यावरून, दुसरे पर्यायी ठाण्यावरून, असे खरेखुरे सौदे झाले. संकट नसताना राजधानी हलवून पाहण्याचीच ही तालीम होती.

रायगड पडण्यापूर्वीच राजाराम महाराजांनी तो सोडला होता; म्हणूनच जिंजी उपयोगी पडली. दुसरी गादी कितीही सज्ज असो, पहिली केव्हा सोडावी आणि ते कोणी ठरवावे, हे संकटाआधी निश्चित नसेल, तर ती रिकामीच राहते.