एका बालकाचा सांभाळ आणि त्यांतून वाढलेली दूरदेशींची सेवा

ज्युबिलीच्या वर्षीं मंडळीचा हिशेब मांडण्याची रीत आहे. स्नानसंस्कार किती झाले, विवाह किती लागले, देवालयाच्या भिंती कोणाच्या श्रमानें उभ्या राहिल्या, हें सारें त्यांत येतें. एक रक्कम मात्र बहुधा राहून जाते. ज्यांनीं आपला मुलूख कधीं डोळ्यांनीं पाहिला नाहीं, अशा परदेशच्या माणसांनीं इकडच्या एखाद्या पोराच्या अन्नाचा व शिक्षणाचा भार उचलला, ती ही रक्कम होय. पिंपळी, बारामती, इंदापूर ह्या टापूंतील वाचकांना तिचें मोल सांगावयास नको. नीरेचा डावा कालवा इ. स. १८८५ पासून येथून वाहतो. परंतु पाटाच्या वरच्या अंगाची जिराईत जमीन आभाळाकडेच पाहत राहिली. अशा मुलखांत अवर्षण पडलें कीं त्याची पहिली झळ लेंकराला लागते. त्या एका लेंकराला दिलेला घांस त्याच्यापाशींच थांबतो, कीं पुढेंहि जातो, हें इतिहासाच्या आधारें पाहण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

ह्या कथेचा आरंभ फ्रान्स देशांतील लियों शहरीं होतो. पोलिन जारिको ही रेशमाच्या व्यापाऱ्याची कन्या. तिनें दहा-दहा माणसांचीं मंडळें जोडून आठवड्याला एक लहानसें नाणें मिशनकार्यासाठीं गोळा करण्याची युक्ति काढली, आणि त्यांतून १८२२ सालीं श्रद्धाप्रसाराची संस्था जन्मास आली. पुढें नान्सीचे महागुरुस्वामी शार्ल द फोर्बें-जान्सों हे चीनमधील टाकून दिलेल्या बालकांच्या चिंतेनें व्याकुळ होऊन तिचा सल्ला घेण्यास गेले. १८४३ सालीं त्यांनीं पवित्र बालपणाची संस्था स्थापन केली. तिचा नियम एखाद्या पोरालाहि पाळतां येईल इतका सोपा होता: रोज पवित्र मरियेला नमन करणारी एक प्रार्थना, आणि महिन्याला पांच सांतिमांचें एक नाणें. संस्थापक पुढच्याच वर्षीं निवर्तले. पण मुलांची ती पेटी बंद पडली नाहीं. लिझ्यूची संत तेरेजा हिचें नांव १८८२ सालीं, ती नऊ वर्षांची असतांना, ह्या संस्थेच्या पटावर चढलें. पुढें १९२७ सालीं तिला सर्व मिशनकार्याची आश्रयदात्री ठरविण्यांत आलें, ही गोष्ट मुलांच्या नाण्याची थट्टा करणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावी.

तथापि इतिहास लिहिणारानें केवळ गोड तेवढेंच लिहूं नये. चीनमध्यें तिएन्त्सिन येथें व्रतस्थ भगिनी अशाच दानावर अनाथालय चालवीत. मरणोन्मुख मुलें आणून देणारांस त्या कांहीं पैसे देत. त्यांचा हेतु निर्मळ होता. परंतु आसपासच्या लोकांना हा व्यवहार उमगला नाहीं. रोगाच्या साथींत अनाथालयांत बरीच मुलें दगावलीं, तेव्हां मुलें पळवून नेण्याच्या अफवा उठल्या. अखेर २१ जून १८७० रोजीं संतप्त जमावानें दहा भगिनींचा प्राण घेतला. त्या पुण्यात्म्यांचें स्मरण आपण आदरानेंच करावें. त्याबरोबर एक धडाहि घ्यावा: ज्या गांवचें मूल सांभाळावयाचें, त्या गांवाचें मन आधीं ओळखावें. आईबापांना व शेजाऱ्यांना बाजूस सारून केलेला उपकार लोकांच्या संशयाला कारण होतो.

आतां आपल्याच जिल्ह्याकडे वळूं. पुण्याहून दौंडाकडे जातांना केडगांवचें स्टेशन लागतें. तेथील मुक्तिसदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई ह्या आमच्या पंथाच्या नव्हत्या. परंतु परोपकाराच्या इतिहासांत पंथाची भिंत आड येऊं देणें शोभत नाहीं. त्यांच्या अमेरिकेच्या प्रवासांत १८८७ सालीं बोस्टन येथें एक मंडळ स्थापन झालें. बालविधवांच्या शाळेला दहा वर्षें मदत देण्याचें त्यानें वचन दिलें. गांवोगांवीं रमाबाई-मंडळें निघालीं, आणि त्यांचे सभासद वर्षाला एक-एक डॉलर देऊं लागले. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. आरंभीं तेथें अगदीं मोजक्या मुली होत्या. पुढें १८९६-९७ चा दुष्काळ आला. तेव्हां रमाबाई मध्यप्रांतांत जाऊन तेथील निराधार मुली घेऊन आल्या, आणि १९०० च्या सुमारास गुजराथेंतून आणखी शेंकडों आल्या. केडगांवच्या माळावर दोन हजारांच्या आसपास बायकामुलींची वस्ती झाली. शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्यांचें शिक्षण, असे एकेक उद्योग सुरू झाले. एका बालविधवेच्या नांवें आलेल्या डॉलरानें जें घर उभें केलें होतें, त्याच घरानें दुष्काळाच्या दिवशीं परप्रांतांतल्या अनोळखी मुलींना आसरा दिला. घर आधीं उभें होतें म्हणूनच दुष्काळांत दार उघडतां आलें.

आमच्या पुणें धर्मप्रांताचा अनुभव दुसराच धडा देतो. अहमदनगरच्या मिशनांत खपलेले येशूसंघीय जर्मन धर्मगुरु हेन्री डोरिंग ह्यांनीं १९०३ सालीं ‘निरोप्या’ मासिक सुरू केलें, आणि १९०७ सालीं ते पुण्याचे महागुरुस्वामी झाले. ह्या मिशनची बरीच भिस्त युरोपांतील उपकारकर्त्यांवर होती. पहिलें महायुद्ध पेटलें, जर्मन धर्मगुरूंना हा देश सोडावा लागला, आणि एकाच देशाशीं बांधलेला धागा किती नाजूक असतो हें सर्वांस कळून आलें. डोरिंग ह्यांना १९२१ सालीं जपानांत हिरोशिमा येथें पाठविण्यांत आलें. १९२७ सालीं ते पुन्हा पुण्यास आले. मराठी मुलखांत कसलेला माणूस जपानच्या कामीं आला, आणि तेथला अनुभव घेऊन परत इकडे रुजू झाला.

ह्या सर्वांहून विस्तृत उदाहरण मनमाडचें आहे. बार्सिलोनाचे विन्सेंट फेरर हे येशूसंघीय म्हणून १९५२ सालीं भारतांत आले. मनमाडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांना विहिरी खणण्यासाठीं ते धान्य, तेल व बिनव्याजी रक्कम देत. कोणाची जात वा धर्म ते विचारीत नसत. १९६८ सालीं सरकारनें त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हां हजारों शेतकरी त्यांच्यासाठीं मनमाडहून मुंबईच्या वाटेला पायीं लागले. फेरर स्पेनला गेले आणि १९६९ सालीं परतले. ह्या वेळीं आंध्र प्रदेशांतील अनंतपूर ह्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यानें त्यांना जागा दिली. १९७० सालीं ते संघांतून बाहेर पडले व विवाहबद्ध झाले. कार्य मात्र थांबलें नाहीं. स्पेनमधील हजारों कुटुंबांनीं तेथील एकेका मुलाचें पालकत्व घेतलें. पालकाचा पैसा मुलाच्या घरच्यांच्या हातांत रोख पडत नसे. तो गांवाच्या शाळेला, पाण्याला, घरांना व दवाखान्याला लागे. त्यामुळें एका मुलाला पालक मिळाला आणि शेजारचें मूल रिकाम्या हातीं राहिलें, हें शल्य उरलें नाहीं. फेरर १९ जून २००९ रोजीं अनंतपूर येथें निवर्तले. त्यांच्यामागें कार्य पुढें चालूं राहिलें.

हीच चाल इतरत्रहि दिसते. १९५९ सालीं जर्मनींतील डुइसबुर्ग येथें कांहीं ख्रिस्ती माणसांनीं भारतांतील पांच मुलांचा भार घेतला. त्यांतून ‘किंडरनोटहिल्फे’ ही अनेक देशांत काम करणारी संस्था वाढली. १९७२ सालीं इंग्लंडांत ८८ देणगीदारांनीं भारत व केनिया येथील ८८ मुलांना हात दिला, आणि ‘ॲक्शनएड’ उभी राहिली. मुलाकडून पत्र येतें, त्यांत शाळेचें वर्णन असतें. शाळा म्हटली कीं विहीर येते, विहिरीपाठोपाठ शेत येतें, आणि शेताबरोबर आईबापांची मजुरी व कर्जहि डोळ्यांपुढें उभें राहतें. सहृदय पालक ह्या वाटेनें चालूं लागला कीं एका पोरावरची त्याची माया साऱ्या गांवाची होते. जो केवळ आभाराच्या पत्राची वाट पाहत बसतो, त्याचा उपकार मात्र तेथेंच सुकतो.

पाटाचें पाणी वरच्या शेतांत अडवून ठेवलें तर जमीन चोपण होते आणि खालचा शेजारी तहानेला राहतो, हें नीरेकांठच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. दानाचीहि तीच गति आहे. आपल्या मुलखानें परक्यांचा घांस खाल्ला आहे, आणि त्यांत लाज कांहीं नाहीं. घेणाराचा हात देणारा होऊं नये, ही मात्र लाजेची गोष्ट होईल. पवित्र बालपणाच्या पेटींत आज भारतांतील मुलेंहि पैसा टाकतात, आणि तो पैसा आपण न पाहिलेल्या देशांतील बालकांपर्यंत पोहोंचतो. ह्या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक घरानें एका बालकाचा भार उचलावा. तें बालक शेजारच्या वस्तीवरचें असो वा समुद्रापलीकडचें, त्याचें नांव सायंप्रार्थनेंत घ्यावें आणि त्याच्या गांवाची विचारपूस करावी. ज्या प्रभूनें लेंकरांना जवळ बोलाविलें, तो ह्या लहानशा आरंभाला आपला आशीर्वाद देवो.