घड्याळाची मोटर आणि गळाची काठी

१/
अमेरिकेतील एखाद्या हौशी कारागिराच्या कार्यशाळेत रात्री डोकावले, तर एक विलक्षण दृश्य दिसते. सात-आठ फुटांची गळाची काठी आडवी ठेवलेली असते आणि बुडाशी जोडलेली एक लहानशी मोटर तिला मिनिटाला जेमतेम दहा-पंधरा फेरे देत असते. काठीवरचा लेप घट्ट होईपर्यंत हे फिरणे थांबत नाही. या साध्या यंत्रामागे तीन स्वतंत्र इतिहास आहेत : बांबूचा, राळेचा आणि घड्याळाचा.

२/
आरंभ बांबूपासून. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावचा बंदूककार सॅम्युएल फिलिप बांबूच्या उभ्या पट्ट्या चिकटवून काठ्या घडवू लागला. पुढे मेन राज्यातील बँगोरच्या हायरम लेनर्डने पट्ट्या तासण्याचे यंत्र उभारून सहा पट्ट्यांची षटकोनी काठी लोकप्रिय केली. त्या काळी यासाठी लागणारा बांबू हिंदुस्थानातून जात असे. कलकत्ता बंदरातून निघालेल्या या मालाला तिकडचे कारागीर ‘कलकत्ता’ याच नावाने ओळखत.

३/
विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांताच्या ‘टोंकिन’ बांबूने कलकत्त्याला मागे टाकले. तो अधिक सरळ होता, त्याची पेरे लांब होती आणि तंतू दाट होते. काठीवर दोर ओवण्याच्या लहान कड्या रेशमी दोऱ्याने घट्ट बांधत आणि त्या वेढ्यांवर व्हार्निशचे पातळ हात देत. एक हात वाळला की दुसरा. लेप पातळ असल्याने तो ओघळण्याची भीती कमी. खरा शत्रू म्हणजे हवेतील धूळ.

४/
काही कारागीर अख्खी काठी व्हार्निशने भरलेल्या उभ्या नळीत बुडवून अतिशय संथपणे वर ओढत. हात थरथरला किंवा वेग बदलला, की लेपावर वळ उठे. म्हणून हे ओढण्याचे काम संथ मोटरकडे सोपवण्याची पद्धत रुळली. म्हणजे लेप एकसारखा हवा असेल तर गती एकसारखी हवी, हा धडा बांबूच्या कारागिरांनीच गिरवला होता. फक्त ती गती अजून सरळ रेषेतली होती.

५/
मग राजकारण आडवे आले. कोरियन युद्धात चीन उतरला आणि डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी असलेला व्यापार बंद केला. टोंकिनची आवक थांबली. आर्थर हॉवल्ड यांच्या पद्धतीने बनलेल्या काचतंतूंच्या काठ्या १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातच बाजारात आल्या होत्या. आता त्यांना मैदान मोकळे मिळाले. निर्बंध १९७१ मध्ये उठले, तोवर बांबूच्या अनेक कार्यशाळांचे दिवस सरले होते.

६/
या पडझडीतून एक नवा कारागीर जन्मला. बांबू तासायला वर्षानुवर्षांचा सराव लागे. काचतंतूंची पोकळ नळी मात्र तयार विकत मिळे. मूठ बसवायची, कड्या बांधायच्या, लेप द्यायचा; हे सारे घरीही जमू लागले. डेल क्लेमेन्स यांचे काचतंतूंच्या काठ्या बनवण्यावरील पुस्तक १९७४ मध्ये आले, ते याच हौशी वर्गासाठी. त्याच सुमारास कार्बन तंतूंच्या काठ्याही बाजारात उतरल्या.

७/
दुसरा इतिहास राळेचा. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां यांनी, तर पुढे अमेरिकेत सिल्वन ग्रीनली यांनी इपॉक्सी राळेवर काम केले. सीबा कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर ती ‘अ‍ॅरल्डाइट’ या नावाने विकायला काढली. भारतातील हार्डवेअरच्या दुकानात दोन नळ्यांच्या जोडीत मिळणारे अ‍ॅरल्डाइट ते हेच.

८/
व्हार्निश वाळते ते द्रावक उडून आणि हवेतील प्राणवायू शोषून. इपॉक्सी वाळत नाही. राळ आणि कठीणक यांच्या रासायनिक संयोगाने ती घट्ट होते. त्यामुळे व्हार्निशच्या अनेक हातांचे काम तिच्या एका-दोन जाड हातांत होते. पण ही सोय फुकट मिळत नाही. जाड लेप काही तास मधासारखा वाहता राहतो. काठी स्थिर ठेवली तर तो खाली ओघळतो, वेढ्यांखाली थेंब लोंबतात आणि ते तसेच गोठतात. कित्येक रात्रींचे काम एका ओघळाने विद्रूप होते.

९/
पहिला उपाय हाताचा : दर काही मिनिटांनी काठी पाव फेरा वळवायची. तीन-चार तास हे करणे म्हणजे जागरणच. डुलकी लागली की ओघळ ठरलेला. हवी होती न थकणारी, अत्यंत संथ आणि वेग न बदलणारी मोटर. ती कधीच तयार झाली होती, पण वेगळ्याच कामासाठी.

१०/
तिसरा इतिहास घड्याळाचा. मॅसॅच्युसेट्समधील ॲशलंडच्या हेन्री वॉरनने स्वतःहून सुरू होणारी आणि विजेच्या आवर्तनांशी पाऊल जुळवून फिरणारी ‘समकालिक’ मोटर घडवली. ६० आवर्तनांच्या विजेवर तिचा आतला भाग मिनिटाला ३६०० फेरे घेई. तेलाने भरलेल्या बंद डबीतील दातेरी चाके तो वेग घड्याळाला साजेसा उतरवत. अडचण एकच : वीजकेंद्रातली आवर्तनेच स्थिर नव्हती, त्यामुळे घड्याळे चुकत.

११/
वॉरनने वीजकेंद्रालाच शिस्त लावली. ऑक्टोबर १९१६ मध्ये बॉस्टनच्या एडिसन कंपनीच्या केंद्रात त्याचे नियंत्रक घड्याळ बसले. त्याचा एक काटा लंबकावर चाले, दुसरा केंद्राच्याच विजेवर. दोन्ही काटे एकत्र राहतील असा जनित्रांचा वेग राखायचा, एवढेच चालकाचे काम. वीज अशी नियमित झाली आणि तिच्यावर चालणारी प्रत्येक समकालिक मोटरही.

१२/
याच तत्त्वाची वंशज मायक्रोवेव्हमधील काचेची थाळी फिरवते. हौशी कारागिरांनी जुन्या उपकरणांतून अशा मोटरी काढल्या. नळाच्या प्लास्टिक टोपणात तीन स्क्रू बसवून काठीचे बूड धरणारी पकड केली, पुढच्या बाजूला खाचेचे आधार दिले. पकड मध्यावर नसेल तर काठी हेलकावते. आधार समपातळीत नसतील तर राळ उताराकडे सरकते. थाळीची मोटर कधी उजवीकडे सुरू होते, कधी डावीकडे. लेपाला त्याने काही फरक पडत नाही.

१३/
कारागिरांनी अनुभवाने जुळवलेल्या वेगाचे गणितही आहे. १९७७ मध्ये ब्रिटिश गणितज्ञ कीथ मोफॅट यांनी फिरत्या दंडगोलावर चिकट द्रव किती टिकतो याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पेलवणारी जाडी चिकटपणा आणि वेग यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट जाड लेप सांभाळायला चौपट वेग हवा. म्हणूनच जाणते कारागीर मोटर बदलत नाहीत; लेपच पातळ देतात आणि गरज पडल्यास दुसरा हात चढवतात.

१४/
थाळीच्या अशा मोटरीवर पुष्कळदा ‘५/६’ असा आकडा छापलेला असतो. भारतात किंवा युरोपात, ५० आवर्तनांच्या विजेवर, ती मिनिटाला पाच फेरे घेते. अमेरिकेत, ६० आवर्तनांवर, सहा. काठी ओघळाविना गुळगुळीत निघते, कारण दूर कुठल्यातरी वीजकेंद्रात कोणीतरी आवर्तने मोजत असते. वॉरनने १९१६ मध्ये घालून दिलेली ती शिस्त घड्याळासाठी होती. तिचा लाभ रात्रभर निवांत झोपणाऱ्या काठीकारालाही मिळाला.