कमिशन, प्रीमियम आणि बिल

मंडळी, विमा एजंट या माणसावर आपल्याकडे विनोद फार झाले. तो दारात दिसला की घरात नाही म्हणून सांगा, लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसू नका वगैरे. पण दवाखान्याचं बिल गेल्या चाळीस वर्षांत कसं वाढत गेलं, हे जवळून पाहिलेला आणि तरी डॉक्टरही नसलेला, पेशंटही नसलेला माणूस तोच. आमच्या गावात (तेव्हाचं औरंगाबाद, 2023पासून छत्रपती संभाजीनगर) असे चार-सहा जुने एजंट ओळखीचे आहेत. त्यांच्याशी अधूनमधून गप्पा होतात, त्यावरून हे लिहितो आहे. इतिहासाचा मास्तर असल्यामुळे सनावळी येणारच, सांभाळून घ्या.

1956 साली एलआयसी झाली आणि विमा शाळाशाळांतून पोचला. मास्तरला स्वतःच्या नावाने एजन्सी घेता येत नसे, म्हणून ती बायकोच्या नावावर असायची आणि पावत्या मात्र स्टाफरूममध्ये फाटायच्या! पण तेव्हा विमा म्हणजे आयुर्विमाच. आजारपणाची सोय होती ती कारखान्यातल्या कामगारांना, 1948च्या कायद्याने आलेल्या ईएसआयची. बाकीच्यांना घाटी होती. (बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी: घाटी म्हणजे आमच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय.)

मेडिक्लेम आली 1986 मध्ये, चार सरकारी जनरल विमा कंपन्यांची. एजंटांनी ती विकली ती मात्र आरोग्यासाठी नव्हे, तर 80डी कलमाखाली आयकर वाचतो म्हणून, आणि तीही मार्च महिन्यात. त्या पॉलिसीत खोलीभाडं, सर्जनची फी, औषधं अशा प्रत्येक बाबीला वेगळी मर्यादा असे. 1996 मध्ये ते कोष्टक गेलं आणि एकच ठोक रक्कम आली. आम्हा गिऱ्हाइकांना बरं वाटलं. माझ्या ओळखीचे सर्वांत जुने एजंट मात्र म्हणतात की बिल वाढायला तिथूनच सुरुवात झाली. आधी दवाखान्याला दिसायचं की खोलीला इतके आणि ऑपरेशनला तितकेच मिळणार. नंतर दिसायला लागला तो सगळा आकडा.

पुढे 1999चा कायदा झाला, खासगी कंपन्या आल्या. 2001च्या नियमांनी कंपनी आणि दवाखाना यांच्या मध्ये टीपीए नावाचा तिसरा गडी उभा केला आणि कॅशलेस सुरू झालं. पैसे खिशातून जात नाहीत म्हटल्यावर बिल वाचणार कोण? 2010च्या जुलैत सरकारी कंपन्यांनी मुंबई, दिल्लीसारख्या शहरांतल्या अनेक मोठ्या रुग्णालयांची कॅशलेस सोय बंद केली, ती बिलं फुगतात याच तक्रारीवरून. नंतर ठरावीक दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांची यादी करून तडजोड झाली. भांडण कंपन्या आणि रुग्णालयांचं, पण फोन यायचे ते एजंटाला.

मी एकदा त्यांना सरळच विचारलं, "प्रीमियम वाढला की तुमचं कमिशनही वाढतं, मग तक्रार कसली?" ते म्हणाले, "सर, साठी उलटलेलं गिऱ्हाईक हप्ता झेपेना म्हणून पॉलिसी सोडतं, आणि दोन वर्षांनी त्यालाच अँजिओप्लास्टी लागते. तेव्हा तो कंपनीच्या दारात जात नाही, माझ्या दारात येतो." यावर मला काही बोलता आलं नाही.

सरकारी योजना आली तेव्हा ही मंडळी धास्तावली होती. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर 2013 मध्ये आमच्या जिल्ह्यासह राज्यभर लागू झाली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर वर्षाला दीड लाखाचं संरक्षण, 971 उपचार. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि 2023च्या निर्णयाने ती पाच लाखांपर्यंत, सगळ्याच रहिवाशांसाठी झाली. एजंटांचा धंदा काही बुडाला नाही. पॅकेजच्या दरात उपचार करायला सगळेच दवाखाने तयार नसतात, म्हणून ज्याला परवडतं तो आपली पॉलिसी चालूच ठेवतो.

दर सरकारला बांधता येतात हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कोविडमध्ये राज्याने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर ठरवून दिले. 1 जून 2021 पासून शहरांच्या वर्गवारीप्रमाणे वेगवेगळे दर झाले. आमचं शहर दुसऱ्या वर्गात होतं. साध्या वॉर्डाला दिवसाला 3000, आयसीयूला 5500 आणि व्हेंटिलेटरसह 6700 रुपये. साथ ओसरली तसे हे दरही गेले. 2021च्याच नियमांनी दवाखान्यात दरपत्रक लावणं बंधनकारक केलं आहे, पण किती दर घ्यायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. फलक लावून बिल कमी होत असतं तर काय हवं होतं!

विमावाल्यांनी आवाज उठवला तो मात्र कराविरुद्ध. 2017पासून प्रीमियमवर 18 टक्के जीएसटी होता. जुलै 2024 मध्ये नितीन गडकरींनी तो काढावा म्हणून अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं, आणि त्यामागे निवेदन होतं नागपूरच्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेचं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा कर शून्य झाला. आम्ही म्हातारे खूश. पण प्रीमियमवर कर नाही म्हटल्यावर एजंटाच्या कमिशनवर भरलेला कर कंपनीला वळता करून घेता येईना. मग अनेक कंपन्यांनी ऑक्टोबरपासून कमिशन करासह धरायला सुरुवात केली. म्हणजे 3000 रुपये मिळत होते तिथे साधारण 2540. माझं मत विचाराल तर एजंटांची मागणी रास्त होती, पण अर्धी होती. जी ताकद करासाठी लावली ती दवाखान्याच्या दरांसाठी कुणी लावली नाही, त्यांनीही नाही आणि आपणही नाही.

हे जुने एजंट म्हणतात, अजून दोनेक वर्षं करीन. जानेवारी 2025 मध्ये विमा प्राधिकरणाने ज्येष्ठांचा प्रीमियम आपल्याला न विचारता वर्षाला 10 टक्क्यांवर वाढवायचा नाही असं बजावलं आहे, ते पत्रक त्यांनी घडी घालून डायरीत ठेवलंय आणि नूतनीकरणाला आलेल्या प्रत्येकाला दाखवतात.

असो. कुणाच्या कपाटात 1996च्या आधीची मेडिक्लेम पॉलिसी पडून असेल तर जरूर कळवा. ते जुनं कोष्टक मला पुन्हा एकदा नीट बघायचं आहे.