नळाचे पाणी, बेडकाचे हृदय आणि चुना

दवाखान्यात सलाईन लावलेल्या माणसाच्या उशाशी आपण सारेच कधी ना कधी बसलो आहोत. त्या बाटलीवर पुष्कळदा ‘रिंगर लॅक्टेट’ असे शब्द असतात. यातला रिंगर म्हणजे औषध नव्हे, ते एका इंग्रज डॉक्टरांचे आडनाव आहे. मी इतिहासाचा शिक्षक. विज्ञानात माझा अधिकार नाही. परंतु राजांच्या आणि लढायांच्या सनावळ्यांबरोबर हाही इतिहास मुलांच्या कानावर पडावा असे वाटते.

सिडनी रिंगर यांचा जन्म 1835 सालचा, नॉर्विचचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात ते रोगी पाहत आणि उरलेल्या वेळात प्रयोग करीत. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून, पाऊण टक्का मीठ घातलेल्या पाण्यावर ते कसे धडधडते, हे ते पाहत होते. त्यावरचा निबंध 1882 मध्ये छापूनही आला. नंतर त्यांना कळले की प्रयोगाचे पाणी ऊर्ध्वपातित नव्हतेच! ते न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाचे होते. हर्टफर्डशायरच्या चुनखडीच्या प्रदेशातून लंडनला येणारे ते पाणी. त्यात दहा लाख भागांत सुमारे 38 भाग कॅल्शियम होते. म्हणजे पानाला लावतो त्या चुन्यातलेच द्रव्य, पण नावापुरते. रिंगरनी शुद्ध पाणी घेऊन प्रयोग पुन्हा केला, तेव्हा हृदय थोड्याच वेळात मंदावले आणि थांबले. कॅल्शियम घालताच पुन्हा चालू लागले.

आता पाहा, ही गोष्ट त्यांना गुपचूप दडपता आली असती. त्यांनी 1883 मध्ये त्याच नियतकालिकात दुसरा निबंध लिहून नळाच्या पाण्याची हकीकत जशीच्या तशी सांगितली. आपल्याकडे प्रयोगवहीत उत्तर आधी लिहितात आणि निरीक्षण मागाहून ‘जमवतात’. म्हणून हा प्रसंग मी वर्गात मुद्दाम सांगतो. पुढे 1930 नंतरच्या काळात अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी रिंगरच्या द्रावणात लॅक्टेट मिसळले, आणि आजची बाटली तयार झाली.

हृदयाला कॅल्शियम नसले तर ते गप्प होते. मज्जातंतूंचे मात्र नेमके उलटे! 1909 मध्ये बाल्टिमोर येथे मॅककॅलम आणि व्हॉग्टलिन यांनी दाखविले की गळ्यातील अवटू ग्रंथीला चिकटलेल्या चिमुकल्या ग्रंथी काढून टाकल्या की प्राण्याच्या रक्तातले कॅल्शियम घटते, स्नायूंना झटके येतात. आणि कॅल्शियम टोचले की झटके थांबतात. कमतरतेने एक इंद्रिय निजते आणि दुसरे पिसाळते, असे का? हे कोडे बरीच वर्षे तसेच राहिले.

ते सोडविण्यास मदत केली माकुलाने. होय, आपल्या कोकणच्या बाजारात मिळते तसेच माकुल! त्याचा एक मज्जातंतू इतका जाड असतो की तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी 1952 मध्ये याच तंतूवरून मज्जासंदेश कसा धावतो ते दाखविले. त्यासाठी 1963 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तंतूचे पटल म्हणजे त्याची अतिशय पातळ कातडी. विश्रांतीत आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साठ-सत्तर मिलिव्होल्टने ऋण असते. हा फरक काहीसा घटला की पटलातील दारे उघडतात, सोडियम आत घुसते आणि संदेश सुटतो.

मग 1957 मध्ये हॉजकिन यांनी स्वीडनच्या फ्रँकेनह्यूझर यांच्याबरोबर बाहेरच्या पाण्यातले कॅल्शियम कमी-जास्त करून पाहिले. ते पाचपटीने घटविले, तर दारांवर होणारा परिणाम पटलातील फरक 10 ते 15 मिलिव्होल्टने उतरल्यासारखाच होता. म्हणजे दाराची कडी आधीच सैल; जरा धक्का लागला की उघडलेच. हक्स्ली यांनी सुचविलेले कारण असे : दोन धन भार असलेले कॅल्शियमचे कण पटलाच्या बाहेरच्या अंगाला चिकटतात आणि विद्युत्-दाब वाढवून दारे मिटलेली ठेवतात. हृदयात मात्र कॅल्शियम स्वतः पेशीच्या आत शिरते आणि स्नायूला आकुंचनाचा हुकूम देते. द्रव्य एकच, कामे दोन.

हे घरात कशाला कळायला हवे? परीक्षेच्या धास्तीने एखादी मुलगी भराभर श्वास घेऊ लागते, ओठांना मुंग्या येतात, बोटे आखडतात आणि घरात ‘बाहेरचे काही’ अशी कुजबूज सुरू होते. अतिश्वासाने कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो, रक्त थोडे अल्कधर्मी होते, आणि कॅल्शियमचे मोकळे कण प्रथिनांना चिकटून कमी होतात. कड्या सैल होतात, तंतू आपोआप संदेश सोडू लागतात. श्वास संथ झाला की बोटे सुटतात. पण असे कशाने झाले हे घरी ठरवू नये. तिला डॉक्टरांकडे न्यावे. रक्तातले कॅल्शियमच खरोखर घटलेले असले, तर ते शिरेतून सावकाश दिले जाते, आणि त्या वेळी हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते.