एकदा लावलेली फुलं

पेडणे तालुक्यातल्या माझ्या आजोळी बाग अशी नव्हती, परसदार होतं. विहिरीच्या काठाला सोनटक्का, न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळ, गडग्याला टेकलेली जास्वंद, तुळशीमागे अबोली आणि मोगरा. यातलं काय कुणी लावलं हे आजीलाही सांगता येत नसे. ती लग्न होऊन आली तेव्हा ते होतंच. वैशाखात सोनटक्क्याची जागा सुकून पिवळी पडायची. मृगाचा पाऊस लागला की तिथून हिरवे भाले वर यायचे आणि चतुर्थीपर्यंत पांढरी फुलं गणपतीच्या पाटाशी पोचायची. खत नाही, निगा नाही. एकदा लावलं की झालं.

काही वर्षांपूर्वी मामानं हौसेनं काश्मीरहून आयरिसचे कंद आणले. जांभळ्या-निळ्या पाकळ्यांची ती फुलं तिकडे कबरस्तानातसुद्धा आपोआप फुलतात, बर्फाखाली महिनोन्‌महिने राहून पुन्हा उगवतात, म्हणून हे चिवट झाड आपल्याकडे सहज टिकेल असा त्याचा हिशेब. पेडण्याचा पहिलाच पावसाळा त्यांना पुरला. श्रावणात उकरून पाहिलं तर हाताला चिखल लागला. बर्फ सोसणारा कंद तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस सोसेलच असं नाही. मामी म्हणाली, "आमच्या वेखंडाचीच पानं तशी दिसतात, ते तरी लावायचं होतं!" तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. युरोपातल्या एका पिवळ्या आयरिसचं शास्त्रीय नावच 'खोटं वेखंड' अशा अर्थाचं आहे.

पण आयरिस आणि आपण यांचा काहीच संबंध नाही असंही नाही. आयरिसच्या कुळातलं एक झाड आशियातल्या उष्ण प्रदेशातही रमतं. पंख्यासारखी पसरलेली पानं, नारिंगी पाकळ्यांवर तांबडे ठिपके, आणि बोंड उकललं की आत काळ्याभोर बियांचा घोस. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यानं करवून घेतलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथात (1678 ते 1693) अकराव्या खंडात त्याचं चित्र आहे, मलयाळी नावासकट. त्या नावातला 'बेलमकांडा' हा तुकडा उचलून 1763 मध्ये आदाँसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं एक स्वतंत्र प्रजाती केली. पुढे जनुकांचा अभ्यास झाला आणि 2005 मध्ये हे झाड आयरिसमध्ये घालण्यात आलं. आज त्याचं नाव 'आयरिस डोमेस्टिका', म्हणजे घरगुती आयरिस!

या ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी लिपीतला कोकणी मजकूर छापलेला आहे. 1675 सालचं ते प्रमाणपत्र आहे आणि त्यावर रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन वैद्यांची नावं आहेत. हे कोचीनचे गौड सारस्वत. त्यांचे पूर्वज गोव्यातून तिकडे गेलेले. केरळी वैद्य इट्टी अच्युदन यांच्याबरोबर या तिघांनीही त्या कामाला आपलं ज्ञान दिलं. म्हणजे मलबारच्या फुलांची नोंद होत असताना गोव्यातून बाहेर पडलेली माणसं तिथं बसलेली होती.

ती बाहेर का पडली, हा इतिहास आपल्या वाचकांना नवा नाही. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादीत देवळं पडली आणि 1560 पासून इन्क्विझिशन आलं. फुलझाडांच्या दृष्टीनं मला त्यातलं 1736 चं फर्मान सगळ्यांत बोलकं वाटतं. ख्रिस्ती झालेल्या घरांनी अंगणात, आवारात तुळस ठेवू नये, असेल तर उपटून टाकावी, असं ते सांगतं. एका साम्राज्याला एका झुडपाची एवढी दखल घ्यावी लागली!

त्या वर्षी डिचोली आणि पेडणे ही हद्दीपलीकडची गावं होती. सावंतवाडीच्या भोसल्यांचा तो मुलूख. डिचोली 1781 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, पेडणे 1788 मध्ये. तोवर त्यांचा जोर ओसरला होता आणि या नव्या काबिजादीतल्या लोकांच्या धर्माला, चालीरीतींना हात लावणार नाही असं आश्वासन त्यांना द्यावं लागलं. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला आला होता. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देव नदीपलीकडे आले, माणसं आली, आणि त्यांच्याबरोबर देवाला वाहायची फुलंही आली असतील. त्याची नोंद कोण ठेवणार?

गंमत अशी, की जी सीमा ओलांडताना माणसांचे हाल झाले ती फुलांनी कधी मानलीच नाही. आजोळच्या परसात ज्याला आम्ही 'आपलं' म्हणत होतो त्यातलं निम्मं परकं आहे. कर्दळीच्या शास्त्रीय नावात 'इंडिका' आहे, पण ती अमेरिकेची. लिनियसच्या काळात 'इंडीज' म्हणजे कुठलीही दूरची भूमी. गुलबक्षीही अमेरिकेची. निशिगंध मेक्सिकोचा. देवळाच्या अंगणात उभा असलेला, 'देवचाफा' म्हणून ज्याच्यापुढे आपण हात जोडतो तोही मध्य अमेरिकेकडचाच. सदाफुली मादागास्करची. त्या काळच्या युरोपी जहाजांच्या वाटेनं ही झाडं इकडे आली आणि बघता बघता पूजेच्या तबकात जाऊन बसली. भोसल्यांच्या चौकीवर कर्दळीच्या कंदाला कुणी परवाना विचारला नसणार. झेंडू काही कायमचा नव्हे, दरवर्षी बी टाकावं लागतं; पण त्याचंही मूळ मेक्सिकोत, आणि गोव्यात त्याला म्हणतात 'रोजां'. हा शब्द पोर्तुगीज 'रोझा'वरून, म्हणजे गुलाबावरून आला. दसऱ्याला आपल्या दारावर चढणारं तोरण नावानं पोर्तुगीज आणि जन्मानं मेक्सिकन आहे.

उलट दिशेनं मोगरा गेला. आपला 'मोगरा' पोर्तुगीजांच्या तोंडी 'मोगरिं', 'बोगारिं' झाला आणि ब्राझीलमध्ये आजही त्या फुलाला 'बोगारी' म्हणतात. पारिजातकाचं नाव तर त्याहूनही आधी छापलं गेलं. गार्सिया द ऑर्ता या वैद्यानं 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधी-संवादांत गोव्यातलं त्याचं नाव नोंदवलं, आणि सूर्यावर भाळलेल्या राजकन्येची कथाही सांगितली. ती त्याला इथल्याच कुणीतरी ऐकवली असणार. तो मूळचा ज्यू कुळातला. त्याच्या मृत्यूनंतर, 1580 मध्ये, इन्क्विझिशननं त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक मात्र उरलं.

मोगऱ्याचा विषय निघाला की डिचोली तालुक्यातल्या शिरगावला जावंच लागतं. वैशाख शुद्ध पंचमीला लईराईच्या जत्रेत धोंड अग्निदिव्यातून जातात, त्यांच्या गळ्यात मोगऱ्याच्या माळा असतात. मोगरा ही देवीची आवड. लोककथेत लईराई ही सात बहिणींतली एक. मुळगावची केळबाय, मयेची महामाया, आणि आमच्या पेडण्यातल्या मोरजीची मोरजाई याही तिच्या बहिणी. आणखी एक बहीण म्हापशाची मिलाग्रीस सायबीण. तिच्या फेस्ताला शिरगावहून तेल जातं आणि तिकडून देवीला फुलं येतात, असं लोक सांगतात. तुळस उपटायला लावणाऱ्या फर्मानाच्या प्रदेशात हा आहेर चालू राहिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुहेरी पाकळ्यांचा मोगरा सहसा बी धरत नाही. दाब कलम करा किंवा फांदी तोडून लावा. जास्वंदीचंही बरंचसं तसंच. म्हणजे आज माझ्या मामीच्या दारात असलेला मोगरा हा कुणाच्या तरी मोगऱ्याचा तुकडा, तो आणखी कुणाच्या तरी. सावंतवाडीकडून पेडण्याला, पेडण्याहून डिचोलीला, लेकी-सुनांच्या ओल्या फडक्यातून ही झाडं फिरली. दालगादो यांनी 1898 मध्ये गोवा आणि सावंतवाडी यांच्या वनस्पतींची एकत्रच यादी केली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. राज्यं दोन, सरकारं दोन, पण झाडं एकच. मात्र त्यांची यादी औषधी, खाण्याच्या आणि धंद्याच्या उपयोगाच्या झाडांची. कुणी कुणाला फांदी दिली हे कुठल्या यादीत सापडायचं!

परसाबाहेरची फुलंही या गोष्टीत येतात. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधली जाते. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगण, चिबूड यांच्याबरोबर रानातून आणलेली कवंडळं, घागऱ्या आणि वाघनखीची ज्वाळेसारखी फुलं तिला टांगतात. वाघनखी म्हणजे आपली कळलावी. कंद विषारी, पण उन्हाळाभर जमिनीत दडून पावसात दरवर्षी वेलीसकट वर येणारा. सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवर, असे कितीतरी कंद वीतभर मातीत जगतात. डिचोलीचे डोंगर लोहखनिजासाठी फोडले गेले. मोपच्या पठारावर 2022 च्या डिसेंबरात विमानतळाचं उद्घाटन झालं. मी स्वतः त्या विमानतळावर उतरून आजोळी गेलो आहे. एका तासात पोचलो म्हणून खूशही झालो होतो. पण माटोळीचं सामान आता मामा म्हापशाच्या बाजारातून आणतो. झाड कुठं उगवतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, असं तो म्हणतो.

गेल्या वर्षी आजोळच्या अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवले. अबोली गेली, गुलबक्षी गेली. चिखल होत नाही, मामीच्या गुडघ्यांना बरं पडतं, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडानं करायची? सोनटक्का विहिरीकडे असल्यामुळे वाचला. यंदा वैशाखात मी त्याचे काही कंद काढून गोणपाटात गुंडाळून आणले. चार कुंड्यांत लावलेत, अजून पानंच आहेत. मंडळातल्या कुणाला हवे असतील तर पुढच्या पावसाआधी सांगा. ओलावा आणि अर्धी सावली असली की पुरे, आणि पहिल्या वर्षी फूल आलं नाही तर उपटू नका.