वत्सगुल्म ते कॉव्हेंट गार्डन

पाचव्या शतकात वाशिमला वत्सगुल्म म्हणतात. शतक सरत आलंय, इथल्या गादीवर वाकाटक राजा हरिषेण आहे. त्याचा प्रधान वराहदेव अजिंठ्याला लेणं खोदवून घेतोय, आणि त्याच्या माणसांबरोबर तुम्ही वायव्येची वाट धरता. वाघूर नदीच्या घळईत शिरताच छिन्नीचे घाव ऐकू येतात.

सोळाव्या लेण्यात अंधार आहे, डोळे सरावू द्या. कातळावर माती आणि भाताच्या तुसाचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात. काव, हिरवी माती, काजळी असे साधे रंग. पुढे निळ्यासाठी मात्र लाजवर्द थेट अफगाणिस्तानच्या बाजूने येतो. चितारी सुंदरी रंगवतोय. नवरा नंद भिक्षू झालाय, सेवक त्याचा मुकुट घेऊन आलाय आणि ती कोसळतेय. मान कललेली, बोटं सैल. वैराग्याचा मोठेपणा सगळेच सांगतात. मागे राहिलेलीचं काय झालं, हे या चिताऱ्याने विचारलं.

आता लंडन, डिसेंबर 1866. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं लेण्यांत बसून केलेल्या प्रती क्रिस्टल पॅलेसमध्ये तुमच्यादेखत जळताहेत. 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनला पुन्हा आग लागते. या वेळी मुंबईच्या जेजे स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचं बरंचसं काम जातं. युरोपने अजिंठा पाहायचा तो नकलेतून, आणि नकलाही टिकेनात!

विचार मात्र सहज पोचतात. 1909 मध्ये डच चित्रकार मोंद्रियान थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद होतो. या सोसायटीचं बिऱ्हाड 1879 पासून काही वर्षं मुंबईतच होतं. पण विचार पुस्तकातून पोचतो, रेषा कोणीतरी हाताने उतरवून न्यावी लागते. त्याच सुमारास ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम अजिंठ्यात तेच करताहेत, मदतीला तरुण चित्रकार नंदलाल बोस. त्यांच्या प्रती 1915 मध्ये लंडनमध्ये छापून निघतात.

मग 1923. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात दिवे मंदावतात. रशियन नर्तिका अॅना पाव्हलोव्हाच्या नव्या बॅलेचं नावच अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून ठेवलेलं. टाळ्या वाजतात, वत्सगुल्म हे नाव तिथे कोणाच्या ओठी नाही.

ते आपल्याकडे तरी कितीजणांच्या आहे? अजिंठ्याला गेलात तर सोळाव्या लेण्याच्या ओवरीबाहेर, डाव्या भिंतीवरचा वराहदेवाचा शिलालेख शोधा. विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंत वाकाटकांची वंशावळ त्यात कोरलेली आहे.