गोरोबाकाकांचे थापटणे

माठ घ्यायला गेल्यावर आपल्या आया-आज्या काय करायच्या, ते आठवून पाहावे. माठ उचलायचा, बोटाच्या पेराने दोन टिचक्या मारायच्या आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर पैसे मोजायचे, बद्द वाजला तर माठ खाली. विकणारा किती गोड बोलतो, याला तिथे किंमत नसे.

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी तेर आहे, तिथल्या गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. परंपरा काकांचा काळ इ. स. १२६७ ते १३१७ असा सांगते. मंडळींत वयाने वडील, म्हणून ते सगळ्यांचे काका. मुक्ताईने कोपऱ्यातले थापटणे पाहून हे काय, असे विचारले आणि यातले मडके कोणते कच्चे तेही पाहा म्हणाली. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत निघाले. बाकीचे निमूट बसले. नामदेवराय मात्र रागावले आणि निवाडा झाला की हे मडके कच्चे.

कीर्तनात इथे हशा पिकतो आणि कथा पुढे जाते. मला मात्र इथेच थांबावेसे वाटते. पांडुरंग ज्यांच्याशी बोलतो, ज्यांच्या हातचा नैवेद्य खातो, त्या नामदेवांना कच्चे ठरवण्याचा अधिकार एका कुंभाराला कुणी दिला? त्यांच्यापाशी पोथी नव्हती, पीठ नव्हते. होता तो हात, जन्मभर माती तुडवलेला. त्याच मातीत भजनाच्या तंद्रीत स्वतःचे लेकरू तुडवले गेले, ही कथाही त्यांचीच. ज्या भट्टीविषयी ते बोलत होते तिच्यातून ते स्वतः गेले होते, आणि परीक्षा घेतली तीही सर्वांदेखत, सर्वांना एकच. थापटणे हे खरे तर ओल्या मडक्याला आकार देण्याचे हत्यार, भाजलेले मडके तपासण्याचे नव्हे. काकांनी ते मुद्दाम निवडले असेल, असे मला आपले वाटते.

नामदेवरायांनी काय केले, हे त्याहून मोठे. ते तडक पंढरीला गेले आणि देवाकडे गाऱ्हाणे घातले. ज्याच्या शब्दावर त्यांचा सर्वांत जास्त भरवसा, त्यानेच सांगितले की काका म्हणतात ते खरे, तुला गुरू नाही, विसोबांकडे जा. गेले तर विसोबा खेचर देवळात शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले! अशा माणसाकडून कुणी ज्ञान घ्यावे? नामदेव बोललेही तसे. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवले, तर तिथेही पिंडी. मग मात्र त्यांनी हट्ट सोडला. ज्याचे रूप पाहून शंका यावी, त्याच्याकडून ज्ञान आले, आणि ते स्वतः पाय उचलून पाहिल्यावर पटले.

ही कथा घरोघरी नेली ती ताहराबादच्या महिपतीबुवांनी, १७६२ साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तिविजया’तून. नामदेवांनंतर चारशे वर्षांनी लिहिणाऱ्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न त्यांनाही पडला असावा. कारण हे मी मनाचे रचलेले नाही, असे ते ग्रंथातच सांगतात आणि उत्तरेतले नाभाजी व माणदेशातले उद्धवचिद्घन यांची नावे घेतात. पेशाने कुलकर्णी, दप्तर सांभाळणारा माणूस. नोंद कुठून आली हे लिहिण्याची सवय हाताला असणारच.

तेरची गोष्ट इथे संपत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक खलाशाने लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याचे नावही कुणाला ठाऊक नाही. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर आहे, तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जाते, असे तो लिहितो. हे तगर कुठले? विद्वानांनी देवगिरी म्हटले, जुन्नर म्हटले, धारूर म्हटले. माणसे मोठी होती, पण मोठेपणाने प्रश्न सुटला नाही. १९०१ साली फ्लीट यांनी अंतर, दिशा, ताम्रपटांतले उल्लेख आणि नावाचे बदलत गेलेले रूप मांडून तगर म्हणजे तेर असे दाखवले. पुढे उत्खनने झाली. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचे आज गावात सरकारी संग्रहालय आहे. त्यात मातीच्या मूर्ती, दिवे, भांडी पाहायला मिळतात. कच्चे असते ते कधीच मातीला मिळाले असते. भाजलेले होते म्हणून खापर साक्षीला उरले, तेही कुंभाराच्या गावी.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मोबाइलवर एक अभंग आला. शेवटी तुकोबांची नाममुद्रा, शब्द गोड, अर्थ आजच्या काळाला लागू. मी तो पाठ केला आणि एका गावच्या सप्ताहात निरूपणाला घेतला. लोक डोलले. कीर्तन संपल्यावर एक म्हातारे टाळकरी जवळ आले. शाळा चौथीपर्यंत, पण गाथ्याची पारायणे साठ वर्षांची. हळूच म्हणाले, “महाराज, हा अभंग माझ्या कानावरून कधी गेला नाही. कुठल्या गाथ्यातला?”

मला राग आला, हे कबूल करतो. मी एवढा अभ्यासलेला आणि हे मला विचारणार! रात्री गाथा काढला. अनुक्रमणिका चाळली, मग दुसरी प्रत मागवली. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या ताडून १८६९ ते १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्याने जो गाथा काढला, त्याच्यावरून पुढे छापलेली ती प्रत होती. दोन्हींत तो अभंग नव्हता. पहाटेपर्यंत मी तोच प्रश्न उलटसुलट करत होतो, की शब्द चांगले आहेत, कुणाचे का असेनात. पण मग तुकोबांच्या नावाने ते मी का सांगितले?

दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन माझ्याकडेच होते. मंगलाचरण झाल्यावर मी टाळ थांबवायला सांगितले आणि परवाचा अभंग गाथ्यात नाही, तो मी मोबाइलवरून उचलला होता, हे सांगितले. मंडप गप्प झाला. ते म्हातारे टाळकरी पहिल्या रांगेत उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, फक्त टाळ पुन्हा हातात घेतले.